ओठांवरचं तूप

कऱ्हेच्या खोऱ्यात त्या वर्षांत प्रत्येक अंजिराच्या बुंध्याला एक पट्टा असायचा. हिरवा म्हणजे झाड निरोगी, पिवळा म्हणजे संशयित आणि लाल म्हणजे वाहक. लाल पट्ट्याचं झाड पाडायचं, असा कायदाच होता. सारिका कुंजीर यांच्या परसातल्या अंजिराला लाल पट्टा बांधला गेला, तेव्हा बाईंनी तो विळ्यानं कापला, चुलीत घातला आणि तपासनिसाला विचारलं, "चहा घेणार का?"

सारिकाबाईंची हयात एसटीत कंडक्टर म्हणून गेलेली. फुकट्या प्रवाशाला त्या चेहऱ्यावरून ओळखत. सरकारी कागद दाखवून त्यांना घाबरवणं अवघड होतं. तपासनीस चहा पिऊन गेला आणि पुढच्या आठवड्यात नवा पट्टा घेऊन आला.

रोगाचं नाव चीकसुकी. नाव लोकांनीच ठेवलेलं. पान मोडलं की अंजिरातून पांढरा चीक ठिबकतो. या रोगात तो आटत जातो आणि मग झाड उभ्या उभ्या वाळतं. डोळ्यांना न दिसणारे, कोळी म्हणतात ते बारीक किडे हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. असे रोग पूर्वीही आले होते, पण या वेळी खोरंच्या खोरं उजाड झालं, त्याला कारण अंजिराच्या लागवडीची रीत. अंजीर कुणी बियांपासून वाढवत नाही. फांदी तोडायची, मातीत खोचायची, झालं रोप. म्हणजे एका जातीची हजार झाडं ही खरं तर एकच झाड असतं, हजार अंगणांत उभं असलेलं. चव जशीच्या तशी मिळते हा त्याचा फायदा. तोटा असा, की एकाला जे मारतं ते सगळ्यांना मारतं.

सारिकाबाईंचं झाड मात्र मरत नव्हतं. तीच खरी पंचाईत होती. रोग अंगात बाळगून ते दर उन्हाळ्यात मिठ्या, म्हणजे गोड फळांच्या, बहरानं लगडायचं आणि त्याच्यावरचे कोळी वाऱ्याबरोबर शेजारच्या बागांत जायचे. बाईंच्या धाकट्या दिराची बाग त्यातच गेली. त्या दिवसापासून दीर समोरून आला तरी मान वळवून जायचा.

या जातीला घरात 'चरका' म्हणत. फळ लहान, जांभळट, दिसायला अगदीच सामान्य. पिकलं तरी सालीतला चीक जात नसे, आणि खाताना ओठांच्या कडा चरचरत. म्हणून बाईंच्या माहेरी चरका खाण्याआधी ओठांना साजूक तूप लावायची पद्धत होती. बहराचं पहिलं फळ घरातल्या थोरल्या बाईनं खायचं. तिनं "उतरला गं बहर" म्हटलं की मग बाकीच्यांनी तुपाच्या वाटीत बोट बुडवायचं. लग्नात सारिकाबाईंच्या आईनं लेकीच्या हाती भिजल्या गोणपाटात गुंडाळलेली एक फांदी दिली होती. पुढे माहेरचं घर रस्त्यात गेलं, परस गेलं, आई गेली. जगात चरक्याचं तेवढं एकच झाड उरलं आणि ते उभं होतं न्हाणीच्या पाण्यावर, सारिकाबाईंच्या मागच्या दारी.

बाईंची लेक अन्विता खोऱ्यातल्याच संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ होती. अंजिराच्या जुन्या जाती रोगमुक्त करून पुन्हा लावायच्या, हे त्या केंद्राचं काम. झाड पाडायला पोलीस येणार असं ठरलं, तेव्हा ती आईकडे आली.

"आई, तू बुंध्याला मिठी मारून बसणार, ते तुला ओढून काढणार आणि सगळं गाव बघणार. बरं दिसेल का ते?"

"न दिसायला काय झालं? गावानं माझं याहून वाईट बघितलंय. काकानं तुझ्या तोंडावर दार लावलं होतं ते आठवतं का?"

"काकाची बाग गेलीय, आई. तुझ्या झाडामुळं गेलीय."

सारिकाबाई हट्टी होत्या, पण अन्यायी नव्हत्या. दिराची वाळलेली बाग स्वैपाकघराच्या खिडकीतून रोज दिसायची आणि त्या रोज ती खिडकी उघडायच्याच.

"मी चरका परत आणून दिला तर?" अन्विता म्हणाली. "फांदीच्या अगदी शेंड्यात, जिथं नवी वाढ होते तिथं, रोग पोचलेला नसतो. मोहरीएवढा तुकडा काढून काचेच्या बाटलीत वाढवायचा. झाड तेच, फक्त रोग नाही."

"तेच म्हणजे तेच?"

"तेच."

"ते मी ठरवणार." बाईंनी बोट रोखलं. "फळ धरू दे. मी खाईन. माझ्या जिभेनं 'हो' म्हटलं तर हे झाड मी माझ्या हातानं पाडीन. 'नाही' म्हटलं तर तुझे पोलीसही माघारी जातील आणि तूपण."

केंद्रानं मुदत मिळवून दिली. जुन्या झाडाला बारीक जाळीचं आच्छादन घातलं गेलं आणि शेजारी नवं रोप लागलं. केंद्राची खतं खाऊन ते भराभर वाढलं. दुसऱ्याच उन्हाळ्यात त्याच्यावर फळं आली, लहान आणि जांभळट.

त्या सकाळी सारिकाबाई न्हाऊन, धुवट लुगडं नेसून परसात आल्या. एरवी त्या गाउनवर असत. हे लुगडं आईचं होतं. ओठांना तूप लावलं. फळ तोडलं, दोन बोटांनी उकललं, तोंडात घातलं. अन्विता न्हाणीच्या दगडापाशी उभी होती.

बाईंनी डोळे मिटले. घास गिळायच्या आधीच आईचं परस, ओल्या राखेचा वास, पाठीवर पडणारं कवडशाचं ऊन, सगळं एकदम उभं राहिलं. इतकं जवळ, की जुन्या झाडाच्या फळानंही अलीकडे कधी आलं नव्हतं.

"उतरला गं बहर," त्या रडत म्हणाल्या. "अनू, बाई माझी! आणलंस की गं तू."

अन्वितानं आईला कुशीत घेतलं, पण फळ काही खाल्लं नाही. पित्त झालंय म्हणाली.

दिलेला शब्द बाईंनी पाळला. जुन्या चरक्यावर पहिली कुऱ्हाड त्यांनीच घातली. चीक भळाभळा वाहिला, त्यांच्या हातांवर उडाला आणि कातडी दोन दिवस जळत राहिली. बुंध्याला औषध लावलं तरी मुळांतून कोवळे फुटवे येत. ते बाई दर महिन्याला स्वतः उपटून जाळत. चरका नव्या झाडात सुखरूप आहे म्हटल्यावर फुटव्यांचं कौतुक कशाला? दीर पुन्हा घरी येऊ लागला. त्यालाही नव्या झाडाची फळं गेली. खाऊन तो लहान मुलासारखा हसला आणि म्हणाला, "वहिनी, हे तर आमच्या जुन्या बागेतल्या लाल्या जातीचं फळ!" बाईंना वाटलं, बिचाऱ्याला आपल्या बागेची आठवण झाली. त्यांनी मनावर घेतलं नाही.

दोन बहर असे सुखाचे गेले. अन्विता येई, झाडाची पानं तपासे, आईच्या हातचं जेवे. अंजीर मात्र तिला सोसेनासं झालं होतं. कधी पित्त, कधी दाढ, कधी आणखी काही.

तिसऱ्या बहरात शेजारी रश्मी धुरी राहायला आली. मूळची मालवणची, इथल्या शाळेत नव्यानं लागलेली. सारिकाबाईंनी तिला ओट्यावर बसवून बशीत अंजिरं दिली. रश्मीनं एक तोंडात टाकलं आणि तिचे डोळे विस्फारले.

"काकू, ह्यां मी खाल्लेलां आसा! आमच्या आजयेच्या परड्यातलां ह्यां."

"तुमच्याकडे अंजीर होतं?"

"अंजीर खंयचां? आमच्याकडे पाऊस कितको पडता! अंजीर जगतलां काय?" रश्मी हसली आणि मग हसता हसता थांबली. "खरां सांगू? ओलां अंजीर मी आजच पयल्यांदा खातंय. पण जीभ म्हणता, खाल्लेलां आसा. माझी आजी अशी समोर दिसली माका."

तिनं डोळे पुसले. सारिकाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. बिनतिकिटाचा प्रवासी समोर आला की पूर्वी त्यांच्या मानेवर काटा उभा राहायचा. तसा तो आता राहिला.

रश्मी गेल्यावर त्या परसात गेल्या. एक फळ तोडलं. तुपाची वाटी घरातच राहू दिली. सालीसकट फळ चावलं, मुद्दाम ओठांच्या कडांना चोळलं आणि न्हाणीच्या दगडावर बसून राहिल्या.

काही झालं नाही. चरचर नाही, आग नाही. ओठ गार होते. आणि तरीही तोंडात चरकाच होता. आई होती, राख होती, ऊन होतं. ओठ सांगत होते की हे ते नाही आणि जीभ सांगत होती की हेच ते. इतकी वर्षं तुपाचं बोट फिरवून आपणच साक्षीदाराचं तोंड बंद ठेवलं, हे बाईंच्या ध्यानात आलं.

त्यांनी लेकीला बोलावून घेतलं. अन्विता आली तशी बाईंनी तिच्यापुढे फळ धरलं.

"खा."

"आई, मला—"

"पित्त? का दाढ? खा म्हणते ना!"

अन्वितानं फळ हातात घेतलं नाही. ती खाली बसली, आणि बाईंना उत्तर मिळालं.

"बोल आता," त्या म्हणाल्या. "मला समजेल असं बोल. तुझी पुस्तकी भाषा नको."

अन्विता जमिनीकडे बघत म्हणाली, "शेंड्याचा तुकडा जगला नाही, आई. पुन्हा पुन्हा केलं, प्रत्येक वेळी सडला. चरक्यात रोग शेंड्यापर्यंत भिनला होता. इकडे पोलिसांची तारीख ठरलेली."

"मग हे काय आहे?"

"साधं रोगमुक्त अंजीर. त्यात एक गोष्ट जास्तीची आहे. आपण काही खातो तेव्हा मेंदू दोन कामं करतो. एक, चव कशी आहे ते बघणं. गोड, आंबट, तुरट. दुसरं, ही चव आपल्या ओळखीची आहे का ते ठरवणं. ही दोन्ही कामं वेगवेगळ्या ठिकाणी होतात. तू पास तपासायचीस ना? त्यावर शिक्का दिसला की प्रवासी खरा. शिक्का खोटा मारला असेल तर?"

"मी पकडायचे."

"मेंदूला पकडता येत नाही. विस्मृती झालेल्या म्हाताऱ्यांना घरचं अन्नसुद्धा परकं वाटतं, ते जेवणच सोडतात. त्यांच्यासाठी दुसऱ्या एका प्रयोगशाळेत एक रसायन तयार झालं, ओळखद्रव्य. घासाबरोबर पोटात गेलं की मेंदू त्या चवीवर ओळखीचा शिक्का मारतो. मग मेंदूच शोधत बसतो, ही ओळख कुठली? आणि सगळ्यात जिव्हाळ्याची जागा काढून देतो. त्या म्हाताऱ्यांना घास गोड लागायला लागला, आई. माणसं जगली. ते द्रव्य तयार करणारं जनुक आम्ही या अंजिरात घातलं."

"आम्ही."

"मी घातलं."

सारिकाबाईंनी हातातलं फळ दगडावर ठेवलं.

"तू एकटी नव्हतीस," अन्विता घाईघाईनं म्हणाली. "खोऱ्यात लाल पट्ट्याची किती झाडं होती आणि प्रत्येकाखाली कुणी ना कुणी ठाण मांडून बसलेलं. आता प्रत्येकाला आपापलं झाड मिळालंय. कुणाला लाल्या, कुणाला साखरी, कुणाला चरका."

"आणि सगळीकडं हे एकच."

"हो."

"एक सांग. बाकीच्यांना फसवताना तुझा हात थरथरला का, ते मला नको सांगूस. मला फसवताना थरथरला का?"

"तुला ओढत नेलेलं मला बघवलं नसतं, आई."

"मला ओढून नेली असती तर मी चार शिव्या दिल्या असत्या आणि संध्याकाळी घरी आले असते!" बाईंचा आवाज चढला. "तू माझ्या हातात कुऱ्हाड दिलीस. आईनं दिलेली फांदी मी माझ्या हातानं तोडली, आणि तोडताना तुला आशीर्वाद देत होते. पोलिसांना दुष्मन म्हणता आलं असतं. तुला काय म्हणू?"

अन्विता रडू लागली. बाईंनी तिला रडू दिलं, जवळ घेतलं नाही. मग त्या जरा शांत झाल्या.

"असू दे. झाड गेलं. खरी चव माझ्यापाशी आहे, ती काही तुला तोडता येत नाही."

यावर अन्वितानं वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. सारिकाबाईंना ते दिसलं.

"आता आणखी काय?"

"आठवण म्हणजे पेटीत ठेवलेला दागिना नव्हे, आई. आपण ती बाहेर काढतो तेव्हा ती मऊ होते, आणि आत ठेवताना नव्यानं घट्ट होते. त्या वेळी जे जवळ असेल ते तिच्यात मिसळतं. तू दोन बहर हे फळ खाल्लंस, दर वेळी आजीचं परस आठवलंस..."

बाईंनी डोळे मिटून चरका आठवून पाहिला. आईचं परस आलं. आईचा हात आला, तुपाची वाटी आली. मग चव आली, आणि ती समोरच्या झाडाची होती. त्यांनी मागे जाऊन पाहिलं, लग्नाआधीच्या उन्हाळ्यात, अगदी परकराच्या वयात. सगळीकडे हेच फळ आधीच येऊन बसलेलं होतं.

"म्हणून तू खात नव्हतीस," त्या हळूच म्हणाल्या.

त्या दिवशी अन्विताला जेवायला कुणी थांब म्हटलं नाही.

त्यानंतर सारिकाबाईंनी एकच गोष्ट केली. न्हाणीच्या दगडामागे जुन्या मुळाचा एक फुटवा आला होता, तो उपटला नाही. दिरानं पुन्हा नव्यानं लावलेल्या बागेचा विचार त्यांच्या मनात रोज येई, म्हणून त्यांनी फुटव्याला स्वतःच्या हातानं बारीक जाळी शिवून घातली, कोळ्यालाही वाट मिळू नये अशी. गुन्हा तो गुन्हाच होता. नव्या झाडाची फळं पिकून खाली पडत आणि त्यांना मुंग्या लागत. बाई त्यांना शिवत नव्हत्या, पण त्या वासानं आई आठवली की तोंड फिरवून घरात जात.

अन्विता येत राहिली. आई दार उघडी, पाणी देई, कामापुरतं बोले. एकदा तिनं दगडामागची जाळी पाहिली. तिनं केंद्राला कळवायला हवं होतं. कळवलं नाही. पुढच्या खेपेला तिनं चांगल्या प्रतीची जाळी आणली आणि न बोलता बदलून दिली.

फुटव्यावर फळ धरलं ते पुढल्या उन्हाळ्यात, एकच. ते पिकलं त्या सकाळी बाईंनी लेकीला निरोप धाडला. आईचं लुगडं नेसल्या. तुपाची वाटी बाहेर आणली नाही.

"तूही खा," म्हणाल्या. "निम्मं."

त्यांनी फळ उकललं आणि आपली फोड तोंडात घातली. क्षणात ओठांच्या कडा पेटल्या. चरचर अशी सुरू झाली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि सारिकाबाई हसल्या. चरका! हाच तो! त्यांनी फोड जिभेवर धरली आणि वाट पाहिली.

कुणीच आलं नाही. थोडं गोड होतं, थोडं तुरट, शेवटी किंचित कडसर. बरं फळ होतं. प्रवासात कुणी अनोळखी माणसानं हातावर ठेवावं आणि आपण भीड म्हणून खावं, तसं. बाईंनी घास पुन्हा पुन्हा घोळवला. आई आली नाही, परस आलं नाही. ते सगळं त्या दुसऱ्या झाडाखाली होतं, आणि तिथं जाऊन ते खायला त्यांचं मन धजत नव्हतं.

त्यांनी लेकीकडे पाहिलं.

अन्विताचे डोळे मिटलेले होते. ओठ लाल झाले होते. तिच्या चेहऱ्यावरून सगळी वर्षं उतरली होती. मागच्या दारी फ्रॉकला हात पुसत उभी राहणारी पोर तिथं होती. तिला सगळं येऊन भेटत होतं. जे तिनं आईचं घालवलं होतं आणि स्वतःपुरतं जपून ठेवलं होतं, ते.

"आई," ती पुटपुटली, "तेच आहे गं. अगदी तेच."

मग तिनं डोळे उघडले आणि आईचा चेहरा पाहिला.

सारिकाबाईंनी पदरानं ओठ टिपले. रागवावं इतकं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं, पण वाईट फार वाटत होतं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. त्या न्हाणीच्या दगडावर बसल्या आणि शेजारची जागा हातानं झाडून दिली.

"बस," त्या म्हणाल्या. "आणि सांग मला. माझ्या आईच्या परसातलं अंजीर कसं लागायचं?"